फीत कापल्यानंतर

आज पदवी घेणाऱ्या मुलामुलींनो,

तुम्हा सगळ्यांचं अभिनंदन. पालकांचं थोडं जास्त, कारण फी त्यांनी भरली. निमंत्रणपत्रिकेत माझ्या नावाखाली विषय छापलाय : ‘आंतरराष्ट्रीय सहकार्यातून पायाभूत सुविधा, दारिद्र्यनिर्मूलन आणि शांतता’. एवढं लांबलचक शीर्षक मी नोकरीत फक्त टेंडरच्या मुखपृष्ठावर पाहिलं होतं. तरी प्रयत्न करतो.

मी जलविद्युतवाला. उमेदवारी पोफळीला झाली, कोयनेच्या भूमिगत वीजगृहात. तिथून ऐंशीच्या दशकात भूतानला गेलो, चुखा प्रकल्पावर. आईनं मेतकुटाचा डबा दिला आणि विचारलं, ‘तिकडं तांदूळ मिळतो का?’ मिळतो, लाल असतो, आणि सोबत मिरचीचीच भाजी असते. पण मूळ मुद्दा रस्त्याचा. 1958 मध्ये पंडित नेहरू भूतानला गेले, तेव्हा गाडीरस्ता नव्हता. सिक्कीममधून नथू ला ओलांडून घोड्यांवरून आणि पायी ते पारोला पोचले. 1961 पासून आपल्या सीमा सडक संघटनेच्या ‘दंतक’ प्रकल्पानं तिथं रस्ते काढायला घेतले. मी गेलो तेव्हा फुन्टशोलिंग ते थिंफू रस्ता झालेला होता, पण पावसाळ्यात सोरचेनपाशी डोंगरच रस्त्यावर येऊन बसायचा. मग ट्रकांची रांग. ड्रायव्हर चाकाला दगड लावून खाली उतरायचे, स्टोव्ह पेटवायचे आणि पलीकडून दंतकच्या बुलडोझरचा आवाज येतोय का, याकडे सगळ्यांचे कान.

चुखा 336 मेगावॉटचा. वांगछू नदीवर, 84 मेगावॉटचे चार संच. पैसा भारताचा : साठ टक्के अनुदान, चाळीस टक्के कर्ज. 1986 मध्ये पहिला संच फिरला, 1988 पर्यंत चारही. भूतानला पुरून उरेल ती वीज पश्चिम बंगालातल्या बीरपाडामार्गे आपण विकत घ्यायची, असा करार. आणि 1991 मध्ये सगळा प्रकल्प भूतानच्या ताब्यात दिला. ही शेवटची गोष्ट लोक सांगायला विसरतात. आपण नुसतं बांधून दिलं नाही, चालवायला शिकवून निघून आलो. विजेच्या विक्रीतून त्या सरकारच्या तिजोरीत नियमित पैसा यायला लागला, आणि शाळा-दवाखान्यांचा खर्च निघण्यात त्याचा मोठा वाटा आहे. डिसेंबर 2023 मध्ये भूतान अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडला. हे एकट्या चुखाचं श्रेय नव्हे. पण चुखाशिवाय ते कसं झालं असतं, ते मला कुणी सांगावं.

तिथला एक तंत्रज्ञ पोरगा आठवतो. आमच्या पोफळीच्या फोरमनसाहेबांनी त्याला एक विद्या शिकवली होती. लोखंडी सळईचं एक टोक बेअरिंगच्या कवचावर टेकवायचं, दुसरं कानामागच्या हाडाला. डोळे मिटायचे. एका रात्रपाळीला तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, ‘सर ला, दोन नंबर नीट बोलत नाहीये.’ मी तापमापक पाहिला, सगळं ठीक. कंपनाची नोंद पाहिली, ठीक. मी त्याला चहा प्यायला पाठवलं. पहाटे तापमान चढायला लागलं, संच थांबवून उघडला, तर गाइड बेअरिंगच्या एका पॅडवर चरे पडलेले. हिमालयातल्या नद्या गाळ आणतात, गाळात गारगोटी असते, आणि ती पोलादसुद्धा खाते. हे पुस्तकात आहे. पण त्या रात्री ते ऐकू आलं त्या पोराला. पुढे पाळी त्याच्या हाती होती आणि आम्ही घरी परतलो होतो.

आता माझी तक्रार ऐका. कुलगुरू मॅडमनी वेळेची आठवण करून दिली आहे, पण ही मी बरीच वर्षं पोटात ठेवली आहे. आपल्या धंद्यात बांधणाऱ्याला मान, सांभाळणाऱ्याला शिक्षा. ज्याचं साहेबांशी पटत नाही, त्याची बदली देखभाल-दुरुस्तीला. कोनशिलेवर मंत्र्याचं नाव, सचिवांचं नाव, कंत्राटदाराचंसुद्धा. पंपाचं ग्रीस बदलणाऱ्याचं नाव कोरलेला एक तरी दगड मला दाखवा. मी जिथं जिथं अंदाजपत्रक मांडलं, तिथं सुट्या भागांचं कलम सगळ्यात आधी कापलं गेलं. एकदा एका साहेबांनी माझ्यासमोर हिरव्या शाईनं ते कलम खोडलं आणि तीच रक्कम उद्घाटनाच्या खर्चात धरली. म्हणजे लग्नात मांडव लाखाचा आणि संसाराला पोळपाटसुद्धा उसना!

पूर्व आफ्रिकेतल्या एका गावात हा संसार मी पाहिला. देश सांगत नाही, बांधणारेही सांगत नाही. दुसऱ्या कुणाच्या मदतीवर बांधलेली पाणीयोजना तपासायला आम्हाला पाठवलं होतं. टाकी उंच, रंग ताजा, देणाऱ्या देशाचा झेंडा चारी बाजूंनी रंगवलेला. खालून बायका पिवळे जेरीकॅन घेऊन नदीकडे चाललेल्या. पंपघराला कुलूप, किल्ली कंत्राटदाराच्या माणसाकडे, आणि माणूस कधीच गेलेला. कुलूप तोडलं. पंप नवाकोरा, फक्त शाफ्टचं सील गेलेलं, हातात मावेल एवढं. ते त्या देशात मिळत नव्हतं, आणि बाहेरून मागवायचं कुणी, हे करारात लिहिलेलं नव्हतं. गावातल्या एका शिक्षकांनी मला विचारलं, ‘तुम्ही दुरुस्त करणारे की फोटो काढणारे?’ आमच्या पथकात दोन्ही प्रकारचे लोक होते.

लांब कशाला जायचं? बिहारमधल्या जयनगरपासून नेपाळातल्या कुर्थापर्यंतची रेल्वे घ्या, जेमतेम 35 किलोमीटरची. आपल्या कोकण रेल्वेनं तिथं दोन डेमू गाड्या पोचवल्या, सप्टेंबर 2020 मध्ये. बघायला तोबा गर्दी. प्रवाशांना तिकीट मिळायला एप्रिल 2022 उजाडलं. रूळ होते, गाड्या होत्या, पण चालवायला माणसं नव्हती आणि रेल्वेचा कायदा व्हायचा होता. तोवर गाड्या आच्छादनाखाली उभ्या.

ते निदान हास्यास्पद होतं. कोसीचं नाही. 1954 मध्ये भारत-नेपाळ करार झाला. त्यातून बराज उभा राहिला, नदीला बांध घातले गेले. जमीन नेपाळची, देखभाल आपल्याकडे. 18 ऑगस्ट 2008 ला कुसहा इथं बांध फुटला. बराजची रचना साडेनऊ लाख क्युसेक पुरासाठी, आणि त्या दिवशी नदीत पाणी होतं दीड लाखाच्या आसपास. महापुरानं फोडला असता तर दैवाला बोल लावता आला असता. बिहारमधल्या तीस लाखांहून अधिक माणसांना फटका बसला, नेपाळातल्या सुनसरीतली गावं बुडाली, आणि पाणी ओसरायच्या आत दोन्हीकडचे लोक एकमेकांकडे बोट दाखवायला लागले. मैत्रीचं प्रतीक म्हणून बांधलेली गोष्ट भांडणाचं कारण झाली, आणि वरच्या गावांच्या मनात ते अजून आहे.

म्हणून ‘रस्ते बांधा, शांतता येईल’ असं कुणी म्हटलं की मी सावध होतो. अफगाणिस्तानात झरंज ते देलाराम हा 218 किलोमीटरचा रस्ता आपल्या लोकांनी बांधला, 2009 मध्ये त्यांच्या स्वाधीन केला. तो बांधताना हल्ल्यांत आपले आणि त्यांचे कितीतरी लोक मारले गेले. हेरातचं सलमा धरण तर 1976 ला सुरू होऊन युद्धात अडकलं, आणि पुरं झालं 2016 मध्ये. सामान भारतातून समुद्रानं इराणच्या बंदर अब्बासला, तिथून 1200 किलोमीटर रस्त्यानं अफगाण सीमेपर्यंत, पुढं आणखी 300. पाच वर्षांत तिथलं राज्य पालटलं. धरणानं युद्ध थांबवलं नाही. पण हरी रुद नदीचं पाणी धरणात साठतंच, आणि ते शेताला सोडायला कुणालातरी दरवाजे उघडावेच लागतात, राज्य कुणाचंही असो.

त्या मानानं सिंधू करारावर माझा अधिक विश्वास होता. 1960 चा भारत-पाकिस्तान करार, जागतिक बँकेच्या मध्यस्थीचा. त्यात भव्य काही नाही. दोन आयुक्तांनी वर्षातून एकदा तरी भेटायचं, नद्यांचे आकडे एकमेकांना द्यायचे. करारात ठरलेले पैशांचे हप्ते आपण 1965 च्या युद्धातही भरले. 71 झालं, कारगिल झालं, करार टिकला. पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल 2025 मध्ये भारतानं तो स्थगित केला. का केला, ते सांगायला मी राजकारणी नाही. अभियंता म्हणून एवढंच सांगतो, की इतकी वर्षं तो टिकला तो सह्यांच्या फोटोमुळे नव्हे, त्या कंटाळवाण्या बैठकांमुळे आणि पाण्याच्या आकड्यांच्या तक्त्यांमुळे.

तुमच्यातले काही जण परदेशी प्रकल्पांवर जातील, काही जण इथंच परदेशी कर्जावरच्या कामांवर लागतील. शिवडी-न्हावाशेवाचा अटल सेतू जपानच्या जायका या संस्थेच्या कर्जावर झाला आहे, म्हणजे घेणारेही आपणच आहोत. कुठंही जा, पहिल्याच बैठकीत विचारा : दहा वर्षांनी याची किल्ली कुणाकडे असेल? सुटे भाग कोणत्या दुकानात मिळतील? तिथल्या किती पोरांना आपण सळई कानाला लावायला शिकवणार आहोत, आणि त्यांचा पगार कोण देणार? साहेब म्हणतील, ‘ते नंतर बघू.’ वाद घालू नका. फक्त ‘नंतर बघू असे ठरले’ हे वाक्य साहेबांच्या नावानिशी इतिवृत्तात लिहा आणि सही घ्या. निम्म्या वेळा सहीची वेळ आली की कलम परत येतं. यामुळे ऑफिसात माझं नाव ‘मिनिट्सवाले’ पडलं होतं, बढतीही उशिरा मिळाली. तुमचंही पडेल. पडू द्या.