पाणी कुठे अडलंय?

(संस्थेच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



बँकेतून रिटायर झालेल्या माणसाने ठेवींवर बोलावं, पाण्याच्या मशीनवर कशाला, असं काहींच्या मनात आलं असेल. पण गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या तिन्ही विंगमध्ये ऑनलाइन मागवलेले आरओ एकामागून एक आले, आणि कुणाचं अडलं की हाक मला येते. बँकेत हिशेब जुळेना की आम्ही एकेक नोंद मागे मागे तपासत जायचो. हे मशीनही तसंच तपासायचं असतं.

आधी खरेदीचं. जाहिरात बघून नव्हे, पाणी मोजून मशीन घ्यावं. टीडीएस मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे पाण्यातले विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चालतात. दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत सवलत आहे. आपल्याकडे नुसतं महापालिकेचं पाणी असतं तेव्हा मीटर ११०-१२० दाखवतो. एप्रिल-मेमध्ये बोअर आणि टँकर मिसळला की ६५० च्या वर जातो. म्हणून आपल्याला आरओचा उपयोग आहे. मुलांच्या घरी बारा महिने धरणाचंच पाणी असेल, तर तिथे साधा यूव्ही पुरतो. राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ साली ५०० च्या खाली आरओ नको असेच निर्देश दिले होते. मात्र हा मीटर क्षार मोजतो, जंतू नाही. आकडा कमी आला म्हणून पाणी निर्जंतुक, असं समजू नका.

खोका आला की फोडताना मोबाइलवर व्हिडिओ घ्या. बिल आणि सिरियल नंबरचा फोटो काढून ठेवा, वॉरंटीला तोच लागतो. 'इन्स्टॉलेशन फ्री' असलं तरी बाहेरचा प्री-फिल्टर आणि नळाला लावायचा व्हॉल्व्ह याचे पैसे बहुधा वेगळे असतात, ते बुकिंग करतानाच विचारावं. जागा शेगडीपासून लांब, प्लगजवळ. भिंतीला भोक पाडण्याआधी आतून पाइप किंवा वायर गेली आहे का ते बघा. आपल्या इमारतीत किचनच्या सिंकवरून गीझरची लाइन गेलेली आहे. त्या गरम लाइनवर कनेक्शन घेऊ नका, मेम्ब्रेन खराब होतं. पांढरी नळी ब्लेडने सरळ कापायची आणि कनेक्टरमध्ये टेकेपर्यंत आत ढकलायची. निम्म्याहून जास्त गळती तिरक्या कापलेल्या नळीची असते. पहिली भरलेली टाकी पूर्ण ओतून द्यायची.

आता मशीन बंद पडलं तर. पाण्याचा रस्ता लक्षात ठेवा: नळ, बाहेरचा प्री-फिल्टर, आतला सेडिमेंट, कार्बन, सॉलेनॉइड व्हॉल्व्ह, पंप, मेम्ब्रेन. मेम्ब्रेनमधून दोन नळ्या निघतात, एक शुद्ध पाण्याची टाकीत, एक वेस्टची सिंकमध्ये. प्लग काढायचा, नळ बंद करायचा, खाली बादली ठेवायची. मग प्री-फिल्टरच्या पुढची नळी काढून नळ थोडा सोडायचा. पाणी धो धो आलं तर दोष पुढे आहे. थेंब थेंब आलं तर आतली कँडल तुंबली आहे. ती बदलायला दहा मिनिटं लागतात. वेस्ट येतंय पण टाकी भरत नाही, तर मेम्ब्रेन किंवा कमजोर झालेला पंप. मशीन बंद असूनही वेस्ट वाहतंय, तर सॉलेनॉइड नीट बंद होत नाही. टाकी भरली तरी मशीन थांबत नाही, तर फ्लोट अडकला असेल. चव बदलली तर आत जाणारं आणि बाहेर येणारं, दोन्ही पाणी मोजा. दोन्ही आकडे जवळजवळ आले, तर मेम्ब्रेन संपलं. पण टीडीएस ॲडजस्टरचा स्क्रू कुणी फिरवलाय का ते आधी बघा. पाच हजारांचं काम निघालं असं सांगणाऱ्या दोन मॅकॅनिकांना मी हा स्क्रू दाखवला आहे.

हे एवढं तपशिलात का सांगतोय? आपल्या इथल्या एक वहिनी एकट्या राहतात. त्यांच्या परवानगीनेच सांगतो. मशीन बंद पडलं, त्यांनी इंटरनेटवर कंपनीचा नंबर शोधला आणि पहिला दिसला तो लावला. पलीकडचा माणूस फार गोड बोलला. तक्रार नोंदवायला फक्त दहा रुपये भरा म्हणाला, एक ॲप उतरवायला लावलं, आणि त्या ॲपमधून त्याला यांच्या मोबाइलचा पडदा दिसू लागला. वीस मिनिटांत अठ्ठेचाळीस हजार गेले. त्यांनी लगेच मला हाक मारली, आम्ही १९३० वर फोन केला, मग बँकेत गेलो. थोडी रक्कम वाटेत अडवता आली, बाकीची गेली. आणि मशीनमध्ये बिघाड काय होता? कँडल तुंबलेली. दीडशे रुपयांची.

तेव्हा कस्टमर केअरचा नंबर बिलावरचा किंवा मशीनवरच्या स्टिकरवरचाच घ्यायचा. तो आजच कागदावर लिहून मशीनच्या बाजूला चिकटवा. मॅकॅनिक आला तर काढलेला जुना पार्ट मागून घ्या आणि नव्या पार्टवर मार्करने तारीख घाला. जुना पार्ट मागितला की बिलाची रक्कम कशी उतरते बघा!

राहिलं वेस्ट पाणी. एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर बाहेर जातं. घरी दिवसाला १० लिटर शुद्ध धरा, वेस्ट ३० लिटर. आपले ८४ फ्लॅट, म्हणजे २,५२० लिटर. दर चार दिवसांनी दहा हजारांचा एक टँकर आपण गटारात ओततो, आणि त्याचं बिल मेंटेनन्समध्ये भरतो. ती नळी बादलीत सोडा, फरशी पुसायला, बाथरूम धुवायला पाणी होतं. उन्हाळ्यात ते कुंड्यांना घालू नका, क्षार फार असतात.

टीडीएस मीटर संस्थेच्या ऑफिसात ड्रॉवरमध्ये आहे, रजिस्टरवर सही करून न्या. शनिवारी सकाळी १० ते १२ मी तिथे असतो. नमुना स्वच्छ पेल्यात आणा, साधा, गरम नको. आणि आत जाणारं, बाहेर येणारं असे दोन पेले आणा.