भिवंडीतल्या बैठका

आपल्या गावांतल्या बऱ्याच घरांतलं कुणी ना कुणी भिवंडीला कामाला आहे, कुणी लूमवर, कुणी गोडाऊनमध्ये. म्हणून आज भिवंडीची गोष्ट.

हे यंत्रमागाचं शहर. उत्तर प्रदेशातून आलेले कामगार, तेलंगणाकडचे विणकर आणि आपली मराठी माणसं, सगळ्यांची वस्ती भिंतीला भिंत लागून. १९७० साली आणि पुन्हा १९८४ साली तिथे मोठ्या दंगली झाल्या. माणसं गेली, माग जळाले. ज्यांचं पोट रोजावर, त्यांची चूल आधी विझली.

१९८८ मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून तिथे आले. त्यांनी मोहल्ल्या-मोहल्ल्यात समित्या केल्या. हिंदू आणि मुसलमान सारखेच, सोबत त्या भागातले पोलीस. तिथे शेजाऱ्यांची किरकोळ भांडणंही बसून मिटवायची. आम्हाला तर हे आपल्या गटासारखंच वाटलं! वरचेवर भेटलेला माणूस ओळखीचा होतो. मग काही कानावर आलं, तर त्यालाच विचारता येतं, "काय हो, खरं का?"

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली. ९०० माणसं गेली. जवळची भिवंडी मात्र शांत राहिली. गल्ल्या त्याच होत्या, माणसंही तीच.

आता आपलं. मागच्या पावसाळ्यात पोरं पळवणाऱ्या टोळीचा मेसेज फोनवर फिरत होता. त्याच दिवशी सुया-पोत विकणाऱ्या दोघी गावात आल्या आणि पारावर गर्दी जमली. कुणाच्या हातात काठ्याही होत्या. आपल्या गटातल्या एका ताईनं त्यांना ओळखलं, कारण ती दरवर्षी त्यांच्याकडूनच पोत घेते. तिनं दोघींना घरात नेलं, चहा ठेवला. गर्दी पांगली. ती नेमकी शेतावर असती तर? आम्हाला त्या रात्री झोप नव्हती.

पुढच्या बैठकीत विचारलं, तो मेसेज किती जणींनी पुढे पाठवला? सात हात वर झाले. त्यातला एक आमचाच.

वीटभट्टीवरच्या बाया दिवाळीनंतर येतात, पावसापर्यंत इथेच राहतात. त्यांतल्या एकीचंही नाव आपल्याला सांगता येणार नाही. येत्या सोमवारी बचतीचा हिशोब लवकर उरकू आणि भट्टीवर जाऊ. ज्यांना हिंदी बोलता येतं त्यांनी पुढे राहा. सतरंजी आम्ही आणतो.