झबल्याचा हिशेब

(वस्तीतल्या शिवणवर्गाच्या शेवटच्या दिवशी केलेलं भाषण. बोलण्यातली भाषा तशीच ठेवली आहे.)



शिवणवर्गाच्या समारोपाला पाहुणी म्हणून बोलावलं की काय बोलायचं ते ठरलेलंच असतं. बाई स्वावलंबी होईल, घरबसल्या चार पैसे मिळवील, संसाराला हातभार लावील. ‘हातभार’ हा शब्द मला कधीच पटला नाही. भार सगळा आपल्यावर आणि त्याला नाव हातभार! पण ते नंतर. आधी तान्ह्या बाळाच्या झबल्याबद्दल बोलूया, कारण आज तुम्ही तेच शिवणार आहात.

झबल्याइतका सोपा कपडा दुसरा नाही. छत्तीस इंच पन्ह्याचं एक मीटर मऊ सुती कापड घ्या. त्यात दोन झबली होतात आणि उरलेल्या पट्टीत टोपरं निघतं. कापड नवं असेल तर आधी भिजवून, धुऊन, वाळवून घ्या. नवं सूत आटतं, आणि आटायचंच असेल तर शिवण्याआधी आटू दे. जुन्या सुती साडीचं किंवा धोतराचं कापड सगळ्यात चांगलं. शेकडो वेळा धुतल्यामुळे ते बाळाच्या कातडीला टोचत नाही. नायलॉन, पॉलिस्टर दिसायला छान, पण त्यात घाम जिरत नाही, आणि आगीजवळ गेलं तर ते वितळून अंगाला चिकटतं. आपल्यापैकी कितीजणींच्या घरात चूल किंवा स्टोव्ह खालीच असतो, ते आठवा.

कापडाची चौघडी घाला. वरची घडी खांद्याची, बाजूची घडी मध्याची. खांद्याला शिवण नाही, बाही वेगळी जोडायची नाही. छातीचा घेर बाळाच्या अंगापेक्षा चार-पाच इंच सैल, लांबी बारा इंच. पाठ वरपासून खालपर्यंत कापून उघडी ठेवा, म्हणजे मान न धरणाऱ्या बाळाच्या डोक्यावरून कपडा ओढावा लागत नाही. काखेच्या वळणाला छोटे काप द्या, नाहीतर तिथे कापड ओढ घेतं. मशीन नसेल तर धावदोरा घालून त्यावर उलटी टीप मारा. हातानं दीड-दोन तासांचं काम आहे. अगदी तान्ह्या बाळासाठी शिवण बाहेरच्या अंगाला ठेवली तरी चालते. लोक हसतील, बाळ हसणार नाही.

पाठीचे बंद आखूड ठेवा आणि पक्के शिवा. गळ्यात ओवून आवळायची नाडी नकोच. अमेरिकेत 1996 साली तिथल्या ग्राहक-सुरक्षा आयोगानं मुलांच्या जाकिटांच्या टोपीतल्या आणि गळ्याच्या नाड्यांबद्दल सूचना काढल्या, कारण नाडी घसरगुंडीत किंवा पाळण्यात अडकून मुलं दगावली होती. आपल्या कुंचीचे बंदही बाळ झोपलं की सोडून ठेवावेत. मणी, टिकल्या, सुट्टी बटणं वर्षाच्या आतल्या कपड्याला लावूच नका. हाताला लागलं की ते तोंडात जातं.

आणि माया ठेवा. शिवणकामातला हा शब्द मला फार आवडतो. कपडा पुढे उसवून मोठा करता यावा म्हणून शिवणीत जे जास्तीचं कापड सोडतात, ती माया. बाळ पहिल्या वर्षात जन्माच्या वजनाच्या साधारण तिप्पट होतं. खालची दुमड दोन इंचांची ठेवलीत तर तेच झबलं आणखी काही महिने चालेल.

मूल चालायला लागलं की मात्र शिवणारीनं जरा विचार करायला हवा. चड्डीला बटण, हूक काही नको. सैल इलॅस्टिक घाला, म्हणजे मूल स्वतःची स्वतः खाली करील. त्यात तुमचेच दिवसाचे पाच-सहा खेपा वाचतात. आणि मुलीच्या फ्रॉकला खिसा लावा! मुलाच्या सदऱ्याला, चड्डीला खिसे असतात, त्यात तो गोट्या, खडू, काय वाट्टेल ते भरतो. मुलीच्या फ्रॉकला झालर, लेस, मागे बांधायचा बो, सगळं असतं, फक्त खिसा नसतो. शिवाय झालरीचा फ्रॉक घालून भिंतीवर चढता येत नाही. मग आपणच म्हणतो, पोरगी किती शांत आहे! चार बोटं रुंदीचा कापडाचा तुकडा लावायला पंधरा मिनिटं लागतात.

आता हिशेब. हेच झबलं बाईनं शिवून दुकानाला दिलं, तर सरकारी पाहणीत ती काम करणारी. तेच तिनं आपल्या बाळासाठी शिवलं, तर काय? राष्ट्रीय नमुना पाहणीत माणसं काय करतात त्याचे सांकेतिक आकडे असतात. 92 म्हणजे फक्त घरकाम करणारी. 93 म्हणजे घरकामाबरोबर सरपण, चारा, भाजी गोळा करणारी, घरच्यासाठी शिवण, विणकाम करणारी. 2017 पासून सुरू झालेल्या श्रमशक्तीच्या पाहणीतही हे आकडे तसेच आले. ज्या बाईचा दिवस यातच जातो तिच्यावर 92 किंवा 93 चा शिक्का बसतो आणि ती श्रमशक्तीच्या बाहेर मोजली जाते. म्हणजे तुम्ही शिवता हे सरकारला माहीत आहे, त्याला वेगळा आकडासुद्धा दिला आहे. फक्त त्याला काम म्हणायचं नाही, एवढंच! संयुक्त राष्ट्रांच्या 1993 सालच्या राष्ट्रीय लेख्यांच्या पद्धतीत घरच्या वापरासाठी केलेली वस्तू उत्पादनात धरा असं म्हटलं आहे. पण ते झबलं दिवसातून सहा वेळा धुणं मात्र तिथेही उत्पादनात येत नाही.

2019 सालच्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं वेळ जातो असं दिसलं. घरकाम करणाऱ्या पुरुषांचा 97 मिनिटं. आणि असे पुरुष होते शंभरात सव्वीसच.

एक गंमत बघा. शिवणकाम ही बाईची जात म्हणतात, पण बाजारात गल्ल्यावर बसलेला शिंपी बहुधा पुरुष असतो. संत नामदेव शिंप्याच्याच घरचे. सुई हातात धरल्यानं पुरुषाचं काही जात नाही, पैसे मिळत असले म्हणजे! मग नवऱ्याला घरात तुटलेलं बटण का लावता येऊ नये? या वर्गाला दहा-बारा वर्षांची मुलगी आईबरोबर आली तर सगळे कौतुक करतात. पुढच्या वर्गाला मुलगे आणा.

घरबसल्या मिळणाऱ्या चार पैशांबद्दलही सांगते. बाई परित्यक्ता असो, विधवा असो, दंगलीत घर गेलेली असो, उत्तर ठरलेलं: द्या तिला शिलाई मशीन. फोटो निघतो, मशीन घरी येतं. मग नगावर शिवायचं. दोरा आपला, वीज आपली, सुई मोडली तर आपली, माल नापास झाला तर तोटाही आपला. अहमदाबादची ‘सेवा’ आणि इतर संघटनांनी लावून धरलं म्हणून 1996 साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं घरखेप कामगारांसाठी 177 क्रमांकाचा करार केला. घरी बसून नगावर काम करणारीला इतर मजुरी कामगारांसारखीच वागणूक, संघटना करण्याचा हक्क, सामाजिक सुरक्षा, असं त्यात आहे. भारतानं त्याला मान्यता दिलेली नाही. म्हणून नगाचं काम घेतलंत तर एकटीनं दर ठरवू नका. गल्लीतल्या पाचजणींनी मिळून जा. एका झबल्याला किती मिनिटं लागली, दोरा किती गेला, हे वहीत लिहा आणि ती वही घेऊन जा.

आणि ज्यांना शिवायला आवडतच नाही, त्यांनी शिवू नये. विकतचं झबलं घातल्यानं आईपण कमी होत नाही. शेजारणीच्या बाळाची जुनी झबली मागून आणायची तर आपल्याकडे रीतच आहे.

चला, कात्र्या चारच आहेत आणि तुम्ही तेवीसजणी. तेव्हा पाच-सहाजणींचे गट करा. ज्यांनी जुन्या साड्या आणल्यात त्यांनी आधी विरलेला भाग बाजूला काढा. तो लंगोटाला होईल.