स्नेहाचे सत्य



ह्या ज्युबिलीच्या मंगल प्रसंगी आपल्या देवालयाचे गुणगान यथास्थित झालेच आहे. आम्ही मात्र पॅरिस शहरातील एका खोलीविषयी चार शब्द बोलू इच्छितो.

सन १५२९ मध्ये सांत बार्ब विद्यालयाच्या त्या खोलीत तीन विद्यार्थी एकत्र आले. पेत्र फाबर हे साव्हॉय प्रांतातील, लहानपणी मेंढरे राखलेले. फ्रान्सिस झेवियर हे नवार देशीचे सरदारपुत्र. तिसरे इग्नेशस लोयोला. वयाने सुमारे अडतीस वर्षांचे, व १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत पाय जायबंदी झालेले. त्याच युद्धात झेवियर ह्यांचे बंधू विरुद्ध पक्षाकडून लढत होते! पुढे इग्नेशस व झेवियर १६२२ साली एकाच दिवशी संतपदास चढले, आणि फाबर २०१३ साली. परंतु त्या खोलीत कोणीही संत म्हणून आले नव्हते. झेवियर ह्यांनी तर प्रारंभी ह्या वयस्क सोबत्याची थट्टाच चालविली होती.

फाबर हे इग्नेशस ह्यांना तत्त्वज्ञानाचे पाठ समजावून देत. त्या सहवासात त्यांनी आपले मन उघडे केले. बाहेरून सौम्य दिसणाऱ्या ह्या तरुणाच्या चित्तात पापशंकांचे काहूर माजले होते. कधी विवाह करावा, कधी वैद्य व्हावे, कधी वकील, तर कधी मठात जावे, असे त्यांचे मन हिंदकळत असे; हे त्यांनी स्वतःच लिहून ठेविले आहे. इग्नेशस ह्यांनी ते हसण्यावारी नेले नाही, की गोड शब्दांनी झाकलेही नाही. आजवरच्या सर्व पापांचे निवेदन, दर आठवड्यास पापनिवेदन व कम्युनियन, आणि रोज स्वतःच्या अंतःकरणाची झडती, हा मार्ग त्यांनी दाखविला. आणि मग सुमारे चार वर्षे धीर धरला. सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. चार वर्षे थांबणारा विरळा.

झेवियर ह्यांच्याशी निराळी रीत. पैशाची अडचण पडली तेव्हा इग्नेशस ह्यांनी साह्य केले, आणि ज्या संगतीने त्यांची श्रद्धा ढळली असती तिच्यापासून त्यांस परावृत्तही केले. १५३५ साली बंधूस लिहिलेल्या पत्रात झेवियर ह्या दोन्ही उपकारांचे स्मरण करितात.

आता आपल्या पॅरिशकडे वळू. लग्नास सारे जमतात, मयतास खांदा देण्यास कोणी चुकत नाही. परंतु एखादा तरुण दारूच्या नादी लागला, तर त्याची चर्चा चार घरी होते. त्याच्याशी मात्र कोणी बोलत नाही. एखाद्याचा देवावरील भरवसा खचला, तर रविवारच्या आत गावभर होईल ह्या धास्तीने तो तोंड मिटून मिस्सेस येतो, आणि एके दिवशी येईनासा होतो. ज्युबिलीच्या दिवशी हे बोलणे कडू लागेल. तरी आम्हांस ते बोलणे भाग आहे.

१५ ऑगस्ट १५३४ रोजी मोंमार्त्र टेकडीवरील चॅपलमध्ये ह्या तिघांनी आणखी चौघांसह व्रत घेतले. मिस्सा फाबर ह्यांनी केला. त्या सातांत तेवढेच पुरोहित होते. पुढे १५४२ साली झेवियर गोव्यास उतरले. ते आपल्या वसईसही येऊन गेले. मोलुक्का बेटांत असता, रोमहून आलेल्या पत्रांवरील सोबत्यांच्या सह्या कापून त्यांनी त्या आपल्या व्रतप्रतिज्ञेसह अंगावर बाळगल्या होत्या. ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर त्यांचा अंत झाला. ती वार्ता रोमला पोहोचली नव्हती; आणि २८ जून १५५३ रोजी इग्नेशस ह्यांनी आपल्या मित्रास परत बोलाविण्याचे पत्र लिहिले.