वादळानंतरचे दिवस आणि सामायिक वाडी
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावर आजवर विद्वानांची व्याख्याने झाली आहेत. आम्ही श्रीवर्धनकडचे वाडीवाले. खत, पाणी आणि झाडे यांपलीकडे आमची विद्या जात नाही. तथापि ३ जून २०२० रोजी आलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळात किनाऱ्यावरचे संसार कसे चालले, हे तेथे राहिलेल्यांनीच सांगावे असा चिटणिसांचा आग्रह पडला, आणि तो आम्हांस मोडवेना. उडालेले पत्रे व आडवे झालेले खांब आपण सर्वांनी चित्रांतून पाहिलेच आहेत. वादळ काही तासांचे होते. त्याच्या मागून आलेले दिवस फार लांब होते. बोलावयाचे आहे ते त्या दिवसांविषयी.

जूनचा आरंभ म्हणजे कोकणातल्या घरात बेगमी पुरी होण्याचा काळ. तांदूळ कणगीत भरलेला, कुळीथ निवडून ठेवलेले, आमसुले, आंबोशी व फणसाची साठे बरण्यांत आणि डब्यांत, जळण व गोवऱ्या पडवीत रचलेल्या. चार महिने पावसात बाहेर पडावे लागू नये अशी ही योजना असते. त्या वर्षी तर टाळेबंदीमुळे बाजार अर्धवट उघडत होता, म्हणून प्रत्येक गृहिणीने नेहमीपेक्षा अधिकच साठवण केली होती. २ जूनला निर्जला एकादशी झाली आणि द्वादशीला वादळ आले. वर्षाची सारी बेगमी माळ्यावर असताना छप्पर उघडे पडले, तेव्हा प्रथम भिजली ती हीच.

एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. इशारा वेळेवर मिळाला होता. समुद्राला लागून असलेल्या वस्तीतील माणसे आदल्या दिवसापासून शाळांत व पक्क्या घरांत हलविण्यात आली. तोंडाला फडकी बांधून, साथीच्या भीतीने एकमेकांपासून दूर बसण्याचा प्रयत्न करीत, पण एकाच छपराखाली, अशी ती विचित्र वस्ती होती. पूर्वी अशी सूचना मिळत नसे. यामुळे कितीतरी माणसे वाचली, हे विसरता कामा नये.

त्या दिवशी घरोघर स्वयंपाक लवकर उरकला गेला. दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान वादळ किनारा ओलांडून आत शिरले. वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर, आणि झोत १२० पर्यंत. आपल्या गोलार्धात चक्रीवादळ घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरते. त्यामुळे ज्या गावांवरून त्याचे केंद्र जाते, तेथे प्रथम वारा जमिनीच्या अंगाने येतो, मध्ये काही वेळ शांतता पसरते, आणि मग तोच वारा समुद्राच्या अंगाने उलटून येतो. ज्यांना हे ठाऊक नसते ते मधल्या शांततेत कौले सारखी करावयास बाहेर पडतात, आणि तेच सर्वांत धोक्याचे. झाडांची गतही याच उलट्या वाऱ्याने होते. एका बाजूने मुळे सैल झालेले झाड दुसऱ्या बाजूच्या झोताने उपटले जाते.

संध्याकाळी वारा पडला. देवापुढची समई लावावयास गेले तर कोठे देवघरावरच कौले नव्हती. दुसऱ्या दिवसापासून ज्या अडचणी उभ्या राहिल्या, त्या दिसावयास क्षुल्लक आणि सोसावयास कठीण होत्या. विहिरीत पाणी होते, पण वीज नाही म्हणून पंप बंद. रहाट तर आपल्या पिढीने केव्हाच मोडीत काढले होते. मग पोहरे आणि दोर शोधले गेले. तेही पुष्कळ घरांत निघाले नाहीत. रॉकेल शिधापत्रिकेवर मिळेनासे झालेले, मेणबत्त्या दुकानातून दोन दिवसांत संपल्या. कित्येक गावांत महिना उलटला तरी वीज आली नाही. रस्त्यावरची झाडे कोयते आणि कुऱ्हाडी घेऊन गावकऱ्यांनीच तोडली, कारण वाट मोकळी झाल्याखेरीज बाहेरची मदत आत येणार कशी? छपरासाठी ताडपत्री मिळेना. तेव्हा पडलेल्या माडांच्या झावळ्यांचे झाप विणून घरे शाकारली गेली. झाप विणण्याची कला म्हाताऱ्या बायकांच्या हातांत शिल्लक होती, म्हणून निभावले.

५ जूनला वटपौर्णिमा होती. काही ठिकाणी वडच उन्मळून पडलेला. बायकांनी त्या आडव्या वडाला सूत गुंडाळले. यावर कोणी हसो वा न हसो. आम्हांस त्यात हसण्यासारखे काही वाटले नाही.

मुंबईच्या बांधवांना त्या दिवसांत सर्वांत अधिक छळले ते दूरध्वनीच्या शांततेने. मनोरे बंद पडले होते. आई-वडील जिवंत आहेत की नाहीत हे चार-चार दिवस कळले नाही, आणि परवाना मिळाल्यावाचून निघताही येईना. इकडे माणसे संदेश पोचेल त्या टेकाडापर्यंत पायपीट करीत, एका यंत्रावर दहा घरांचे निरोप देत. ‘बरे आहोत, काळजी नको’ एवढाच निरोप. वाडीचे कोणी सांगत नसे.

आता त्या वाडीचे सांगतो. पोफळ हे उंच, सडपातळ आणि उथळ मुळांचे झाड आहे. त्याला वाढीचा कोंब एकच, तोही शेंड्याला. म्हणून मध्येच मोडलेली पोफळ पुन्हा फुटत नाही. आंबा मोडला तर खोडातून धुमारे येतात. पोफळीची आणि माडाची तशी सोय निसर्गाने ठेवलेली नाही. शिवाय पोफळींचे बन एकमेकांच्या सावलीवर जगते. शेजारच्या पडल्या की उभ्या राहिलेल्यांना ऊन लागते आणि त्यांची खोडे भाजतात. जायफळ, मिरी ही त्यांच्या आधाराने आणि सावलीने वाढणारी पिकेही गेली. नवे रोप लावले तर सुपारी धरावयास पाच ते सात वर्षे लागतात. रोठा सुपारीची वाडी आजोबाने लावावी आणि नातवाने खावी, असा आपल्याकडचा हिशेब.

नुकसानभरपाईची गोष्ट थोडक्यात सांगतो. प्रथम बागायतीला हेक्टरी ५०,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, असा दर जाहीर झाला. ऐकावयास मोठा आकडा. परंतु आपल्या वाड्या गुंठ्यांत मोजल्या जातात. एका हेक्टरात सुमारे ९९ गुंठे, म्हणजे गुंठ्याला ५०५ रुपये. शास्त्रीय अंतराने हेक्टरी सुमारे १,३७० पोफळी बसतात, म्हणजे झाडामागे ३७ रुपयांच्या आसपास. पडलेले झाड तोडून बाहेर काढण्याची मजुरीसुद्धा त्यात भागत नाही. पुढे सुपारी व माड यांना झाडांच्या संख्येवर मदत देण्याचे ठरले, ते योग्यच झाले.

परंतु खरी अडचण दराची नव्हती. ती आपल्याच घरातली आहे, आणि ती बोलून दाखविण्यासाठीच आम्ही आज उभे आहोत. आपल्या वाड्यांच्या सातबाऱ्यावर दहा-दहा, पंधरा-पंधरा नावे आहेत. त्यांतील काही मृत. त्यांच्या वारसांची नोंद झालेली नाही. काही मुंबईत, काही पुण्यास, एखादे अमेरिकेत. मदतीची रक्कम एका खात्यात जमा व्हावयाची तर इतरांची संमतिपत्रे हवीत. टाळेबंदीत ती आणावी कोठून? वादळात जो राबला, ज्याने पोहऱ्याने पाणी काढून रोपे जगविली, त्याच्या नावे सोळावा हिस्सा. बाकीचे पंधरा भाऊबंद फोनही न लागणारे. काहींनी तत्काळ पत्रे धाडली, त्यांचे ऋण आम्ही मानतो. काहींनी मात्र ‘संमती दिली तर हक्क जाईल’ अशी शंका काढली. मदतीच्या रकमेपुरते संमतिपत्र म्हणजे हक्कसोडपत्र नव्हे, एवढा भेद वकील असलेल्या आपल्या बांधवांनी घरोघर समजावून सांगितला तर मोठे काम होईल.

या गोष्टीला आता पाच वर्षे उलटून गेली. श्रीवर्धनला कृषी विद्यापीठाचे सुपारी संशोधन केंद्र आहे. ‘श्रीवर्धनी’ ही जात तेथलीच. पुष्कळांनी २०२० च्याच पावसात रोपे लावली. काही वाड्यांत त्या झाडांना आता पहिले घोस दिसू लागले आहेत. काही वाड्या मात्र तशाच मोकळ्या पडल्या, आणि मोकळ्या वाडीला गिऱ्हाईक लवकर भेटते. समुद्राजवळच्या गुंठ्याचा आजचा भाव आपणांस आमच्यापेक्षा अधिक ठाऊक असेल. विकू नका असे सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही. प्रत्येकाच्या घरात मुलांची शिक्षणे आणि आजारपणे आहेत. मात्र जो तेथे राहून रोपांना पाणी घालीत आहे त्याला विचारल्याखेरीज व्यवहार होऊ नये, इतके मागणे आहे.

वारस नोंदीचे अर्ज आणि संमतिपत्राचा नमुना आम्ही सोबत आणला आहे. भोजनोत्तर चिटणिसांच्या मेजावर ते मिळतील. येताना वाडीचा गट क्रमांक आणि मयत खातेदाराच्या मृत्यूचा दाखला जवळ असल्यास काम लवकर होईल. गणपतीला गावी येणाऱ्यांनी राहिलेल्या सह्या तेव्हा कराव्यात. तलाठ्याकडे जाण्यास सोबत लागली तर आम्ही तेथेच आहोत.