किडनीतला वण

नोव्हेंबर 1975 मध्ये नेते जयप्रकाश नारायण आणीबाणीतल्या स्थानबद्धतेतून सुटले, ते किडन्या निकामी झालेल्या अवस्थेत. मुंबईच्या जसलोक रुग्णालयात त्यांच्यावर उपचार झाले आणि 8 ऑक्टोबर 1979 ला पाटण्यात निधन होईपर्यंत डायलिसिस त्यांच्या सोबतीला राहिले. यंत्र रक्त गाळून देत होते. पण किडनी आतून आकसत का जाते, याचे रेणूंच्या पातळीवरचे उत्तर तेव्हा वैद्यकाकडे नव्हते.

आज ते बरेचसे आहे.

एका किडनीत साधारण दहा लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणारे सूक्ष्म घटक, असतात. मधुमेह किंवा रक्तदाबाने त्यांना इजा झाली की नलिकांच्या पेशी आणि तिथे जमलेल्या दाहपेशी टीजीएफ-बीटा नावाचे प्रथिन सोडतात. तो डागडुजीचा निरोप असतो. तो मिळताच आसपासच्या पेशी मायोफायब्रोब्लास्ट, म्हणजे वण घडवणाऱ्या पेशी, बनतात आणि कोलॅजेनचे तंतू विणू लागतात. भिंत लिंपून झाली तरी गवंडी घरातून हलेना आणि खोल्याच बुजवू लागला, तसे पुढे होते. कोलॅजेन साचून वण धरतो, केशवाहिन्या नाहीशा होतात, प्राणवायू कमी पडतो. त्यामुळे आणखी पेशी दुखावतात. उरलेल्या नेफ्रॉनवर जादा भार येतो आणि तेही थकतात. म्हणूनच मूळ दुखणे आटोक्यात आल्यावरही वण पसरत राहू शकतो.

मग टीजीएफ-बीटालाच अडवले तर? 1990 मध्ये वेन बॉर्डर आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेतल्या उंदरांवर ते करून दाखवले. वण कमी झाला. माणसांत मात्र गणित जुळले नाही. मधुमेही किडनीविकाराच्या रुग्णांवरची, टीजीएफ-बीटाला अडवणाऱ्या प्रतिद्रव्याची चाचणी फायदा दिसेना म्हणून मध्येच थांबवावी लागली. तिचे निष्कर्ष 2017 मध्ये छापून आले.

यश आले ते प्रवाहाच्या वरच्या अंगाला, टीजीएफ-बीटाच्या आधीच्या पायरीवर. अँजिओटेन्सिन-2 हे संप्रेरक नेफ्रॉनमधला दाब वाढवते आणि टीजीएफ-बीटालाही चिथावते. त्याला रोखणाऱ्या लोसार्टनने मधुमेही रुग्णांत किडनी पूर्ण निकामी होण्याचा धोका 28 टक्क्यांनी घटवला, असे 2001 च्या चाचणीत दिसले. शुगरसाठी आलेले डापाग्लिफ्लोझिन 2020 मध्ये मधुमेह नसलेल्या किडनीरुग्णांनाही उपयोगी ठरले. त्याच वर्षी भारतात त्याचे मूळ पेटंट संपले आणि गोळी स्वस्त झाली.

किडनी पूर्ण निकामी झाली, तर प्रत्यारोपणाचा मार्ग उरतो. इंदूरने 2015 पासून अवयवदानासाठी ग्रीन कॉरिडॉर, म्हणजे अवयव तातडीने नेण्यासाठी मोकळे केलेले रस्ते, पाहिले आहेत. पण प्रत्यारोपित किडनीतही वण धरतो, आणि ती शरीराने नाकारू नये म्हणून दिले जाणारे सायक्लोस्पोरिनच टीजीएफ-बीटा वाढवते.

इंदूरच्या राजेंद्र नगरातल्या ज्या घरात शुगर किंवा बीपी आहे, तिथे रक्तातल्या नुसत्या क्रिएटिनिनवर विसंबणे धोक्याचे. जवळपास निम्मी क्षमता गेली तरी तो आकडा सामान्य दिसू शकतो. लघवीतले अल्ब्युमिन हे प्रथिन आधी बोलते. लघवीतल्या दर ग्रॅम क्रिएटिनिनमागे ते 30 मिलिग्रॅमच्या वर तीन महिने टिकले, तर दीर्घकालीन किडनीविकाराचे निदान पक्के होते. त्या टप्प्यावर लोसार्टन किंवा डापाग्लिफ्लोझिनने वाचवण्यासारखे नेफ्रॉन अजून पुष्कळ असतात.