गरज आधी, यंत्र मागाहून

सरकारी कचेरीच्या खिडकीपाशी ताटकळत उभे राहण्याचा अनुभव ज्याला नाही, असा श्रोता विरळाच. त्या खिडकीवर खेड्यातील माणसाचे सर्वांत अधिक हेलपाटे ज्या कागदासाठी होतात, त्याला प्रत्येक प्रांतात निराळे नाव आहे. महाराष्ट्रात तो सातबारा, बडोद्याकडे सात-बार, ग्वाल्हेर-इंदूरच्या मुलुखात खसरा, हैदराबादेकडे पहाणी आणि गोव्यात एक-चौदाचा उतारा. बेळगाव-खानापुराकडे नुसते ‘उतारा’ म्हटले तरी पुरते. नाव कोणतेही असो. जमीन कोणाची, किती, तिच्यावर बोजा कोणाचा आणि तिच्यात पीक कोणते, हे सांगणारा हा कागद हाती असल्यावाचून शेतकऱ्याला पीककर्ज मिळत नाही, जमीन विकता येत नाही आणि कोर्टात दावाही उभा राहत नाही.

सरकारी कामाची सुधारणा म्हणजे नवी यंत्रे आणणे, असा एक समज अलीकडे फार रूढ झाला आहे. यंत्राच्या आधी आणखी एक काम असते आणि ते यंत्रापेक्षा अवघड असते. कोणाला नेमके काय हवे आहे हे विचारणे, ते लिहून काढणे, त्यातील परस्परविरोध मिटवणे, थोड्या जागी करून पाहणे, केलेले खरे की खोटे हे पडताळणे आणि पुढे गरज बदलली तर तो बदल शिस्तीने स्वीकारणे, असे त्याचे टप्पे आहेत. जाणकार याला ‘रिक्वायरमेंट्स मॅनेजमेंट’ म्हणतात. आपण त्याला गरजांची व्यवस्था म्हणू. नाव जड आहे, पण घर बांधताना चौकट कोठे बसवावी हे घरातील माणसांना विचारणारा गवंडी हेच काम करीत असतो. हा प्रकार प्रत्यक्षात कसा घडतो आणि कसा बिघडतो, हे पाहावयास कर्नाटकातील जमिनीच्या दप्तराएवढे उत्तम उदाहरण क्वचितच सापडेल.

कर्नाटकात सुमारे 9,000 ग्रामलेखापाल म्हणजे आपल्या भाषेत तलाठी होते आणि एकेकाकडे तीन-चार गावे असत. दप्तर त्यांच्या ताब्यात. उतारा हवा असेल तर आधी तलाठी कोठल्या गावी आहे याचा शोध घ्यावयाचा, मग त्याची सवड पाहावयाची, आणि सवड होण्यासाठी काय करावे लागे हे सांगण्याची गरज नाही. बाप वारल्यावर मुलांची नावे लागावयाची, म्हणजे फेरफार व्हावयाचा, तर तो अर्ज वर्षानुवर्षे पडून राही. अर्ज दिला होता याचाही पुरावा अर्जदाराजवळ नसे. तलाठी सगळेच वाईट होते असे मात्र मुळीच नव्हे. एका माणसाने तीन-चार गावांची पीकपाहणी करावयाची, वसुली करावयाची आणि उतारेही हाताने लिहावयाचे, ही व्यवस्थाच अशी होती की सज्जन माणूसही तिच्यात थकून जावा.

हे दप्तर संगणकावर घेण्याची केंद्र सरकारची योजना 1988-89 मध्ये सुरू झाली. प्रारंभी तिच्यात देशातील मोजके जिल्हे होते. महाराष्ट्रातील वर्धा, ग्वाल्हेरशेजारचे मुरैना, हैदराबादभोवतालचा रंगारेड्डी आणि गुजरातेतील गांधीनगर हे त्यांपैकी होत. कर्नाटकात 1991 मध्ये गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी, येथे प्रयोग झाला आणि 1996 पर्यंत राज्यातील सर्व जिल्ह्यांना मंजुरी मिळाली. आकडे भरले गेले, पैसा खर्च झाला, आणि शेतकऱ्याच्या पदरात काही पडले नाही.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. फेरफार होत असे तालुक्याच्या पातळीवर, पण तालुक्याच्या कचेरीत संगणक बसवण्याची तरतूदच योजनेत नव्हती. माहिती एकदा भरली की ती तेथेच गोठून राहिली. इकडे गावात माणसे मरत होती, वाटण्या होत होत्या, जमिनी विकल्या जात होत्या. तिकडे यंत्रातील उतारा जुन्या मालकाचेच नाव दाखवीत होता. योजना आखणाऱ्यांनी गरज लिहिली होती, नाही असे नाही. ‘दप्तर संगणकावर आणावे’ ही ती गरज. पण ती खात्याची गरज होती. शेतकऱ्याला हवे होते आजच्या तारखेचे सत्य, त्याच्या हाती आणि वाजवी वेळात. या दोन वाक्यांतला फरक कागदावर चार शब्दांचा दिसतो. प्रत्यक्षात त्याने काही वर्षांची मेहनत वाया घालवली.

1990 च्या दशकाच्या अखेरीस महसूल खात्याने राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या साहाय्याने काम नव्याने हाती घेतले, ते ‘भूमी’ या नावाने. या वेळी प्रारंभ झाला तो प्रश्नापासून. शेतकऱ्याला काय हवे? झटपट उतारा आणि अर्जाची पावती. बँकेला? खाडाखोड नसलेला, विश्वासार्ह कागद. तहसीलदाराला? कोणता अर्ज कोणाकडे अडला आहे हे कळावे. आणि तलाठ्याला? लिहिण्याच्या कटकटीतून सुटका. पण दप्तरावरची सत्ता मात्र जाऊ नये. शेवटची अपेक्षा कोणी उघड बोलत नाही, परंतु ती ओळखल्यावाचून आखलेली सुधारणा पहिल्या सहा महिन्यांतच कोलमडते.

येथून पुढचा टप्पा फारसा रंजक नाही, तथापि सारे यश त्यावरच उभे असते. ‘काम लवकर व्हावे’ हे वाक्य गरज म्हणून निरुपयोगी, कारण ते पाळले गेले की नाही हे कोणालाच सिद्ध करता येत नाही. त्याला मोजता येईल असे रूप द्यावे लागते. ‘पक्षपात होऊ नये’ या इच्छेचे रूपांतर असे झाले की फेरफाराचे अर्ज आले त्याच क्रमाने निकालात निघतील आणि मधला अर्ज ओलांडून पुढचा उचलू पाहिला तर यंत्रच नकार देईल. ‘कोणी परस्पर बदल करू नये’ या अपेक्षेतून कर्मचाऱ्याच्या बोटाच्या ठशावाचून यंत्र न उघडण्याची व्यवस्था निघाली. ‘खिडकीमागे काय चालले आहे ते दिसावे’ यासाठी दुसरा पडदा शेतकऱ्याच्या बाजूस तोंड करून ठेवण्यात आला. नोटीस बजावल्यापासून हरकतीसाठी 30 दिवसांची मुदत आणि तीनंतर महसूल निरीक्षकाचा आदेश, हा क्रम कायद्याचाच होता; यंत्राने तो फक्त सर्वांना दिसेल असा केला. उताऱ्याची फी 15 रुपये ठरली. ती पूर्वीच्या सरकारी दरापेक्षा जास्त होती. पण पूर्वीचा खरा खर्च सरकारी दराने कोण मोजत होते?

आणखी एक अडचण निघाली, ती इतिहासाने निर्माण केलेली. आजचे कर्नाटक 1956 मध्ये जुने म्हैसूर, मुंबई, हैदराबाद, मद्रास आणि कोडगू अशा पाच राज्यकारभारांच्या तुकड्यांतून जुळलेले. बेळगावचे दप्तर मुंबईच्या वळणाचे, गुलबर्ग्याचे निजामाच्या. कोठे जमीन एकर-गुंठ्यांत, तर कोडगू व दक्षिण कन्नड भागांत सेंटमध्ये. गुंठा म्हणजे एकराचा चाळिसावा हिस्सा आणि सेंट म्हणजे शंभरावा. एकाच यंत्राला हे सारे समजावे असे वाटत असेल, तर एकेका तालुक्याची रीत आधी लिहून काढावी लागते. म्हणूनच साऱ्या राज्यात एकदम उडी न घेता प्रथम मंड्या जिल्ह्यातील मद्दूरसारख्या मोजक्या तालुक्यांत काम करून पाहण्यात आले. तेथे चुका निघाल्या, त्या सुधारल्या आणि मगच पुढचे पाऊल पडले. पुढे सुमारे 67 लाख जमीनधारकांचे दोन कोटी उतारे या व्यवस्थेत आले. ज्या तालुक्यात खिडकी सुरू झाली, तेथे हाताने लिहिलेला उतारा कायद्याने बाद ठरवण्यात आला. हा निर्णय कठोर खरा, परंतु दोन दप्तरे एका वेळी चालू ठेवली तर खोटे कोणत्या दाराने शिरले हे कधीच कळत नाही.

पडताळणीचा टप्पा मात्र आपल्याकडे बहुधा घाईने उरकला जातो. तलाठ्याच्या हस्ताक्षरातील नाव यंत्रात भरणाऱ्याने चुकीचे वाचले, की एका कुटुंबाच्या चार पिढ्यांची जमीन कागदावर परक्याची होते. कर्नाटकात छापील प्रती मूळ दप्तराशी ताडून, त्यांवर जबाबदार माणसाची सही घेण्याची पद्धत ठेवली होती. महाराष्ट्राने याच टप्प्यावर एक जुना आणि फार शहाणा उपाय पुन्हा वापरला. 2017 च्या उन्हाळ्यात गावोगाव चावडीवाचन झाले. संगणकावरचे सातबारे गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचावयाचे आणि ज्याचे क्षेत्र, नाव वा बोजा चुकला असेल त्याने तेथेच हात वर करावयाचा. यंत्राने कितीही तपासले तरी पडक्या विहिरीत आपला निम्मा हिस्सा आहे हे एखाद्या म्हातारीलाच ठाऊक असते. या तपासणीनंतर 1 मे 2018 रोजी डिजिटल सहीचा सातबारा लोकांना मिळू लागला.

काम पुरे झाले तरी गरजा थांबत नाहीत, आणि हाच टप्पा भल्याभल्यांना चकवतो. अमेरिकेच्या एफ.बी.आय. या तपास खात्याने आपल्या प्रकरणांचे दप्तर संगणकावर आणण्यासाठी 2001 पासून मोठा खटाटोप केला. नेमके काय हवे हे आधी पक्के झालेच नाही. काम चालू असताना मागण्या बदलत गेल्या आणि सुमारे 17 कोटी डॉलर खर्चून झालेली ती रचना 2005 मध्ये सोडून द्यावी लागली. धनाढ्य राष्ट्राचे निष्णात खातेही तेथे फसले. त्यानंतरचे काम टप्पे पाडून दिले गेले, तरी ते पुरे व्हावयास 2012 उजाडले.

‘भूमी’च्या वाट्यालाही नव्या गरजा आल्या. तलाठी लहरी असला तरी तो गावात येत असे. खिडकी तालुक्याला गेली. पंचवीस मैलांवरून येणाऱ्या शेतमजुराची दिवसाची मजुरी बुडू लागली, हे मूळच्या टिपणात कोणी लिहिलेच नव्हते. ही उणीव भरून काढण्यासाठी 2006 च्या सुमारास होबळीच्या, म्हणजे महसुली मंडळाच्या, पातळीवर ‘नेम्मदी’ केंद्रे निघाली आणि 2012 मध्ये त्यांच्या जागी सरकारची स्वतःची जनस्नेही केंद्रे आली. याहून मर्मावर बोट ठेवणारा आक्षेप 2007 मध्ये सॉलोमन बेंजामिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. बंगलोरच्या परिसराचा अभ्यास करून त्यांनी दाखवले की दप्तर एका जागी आल्याने मोठ्या खरेदीदारांना जमिनी हेरणे सोपे झाले आणि लहान धारकाचा स्थानिक आधार मात्र सुटला. हा आक्षेप सर्वांना मान्य झाला नाही. परंतु गरजा विचारावयास गेलेल्या माणसाने कोणाकोणाच्या दारी जावयाचे, हा प्रश्न त्याने उभा केला, आणि तो रास्त होता.

सीमाभागातील श्रोत्यांना याच प्रश्नाची एक बाजू ठाऊक आहे. ‘भूमी’चा उतारा कन्नडमध्ये छापून निघतो. खानापूर तालुक्यातील ज्या वृद्ध शेतकऱ्याचे शिक्षण मराठी शाळेत चौथीपर्यंत झाले, त्याला खिडकीवर तो थोड्या वेळात मिळतो. पावती मिळते, पडद्यावर त्याच्या गटाचा क्रमांकही येतो. मग तो कागद घडी करून खिशात घालतो आणि बसथांब्यावर कन्नड वाचणारा एखादा विद्यार्थी शोधतो, आपल्या शेतावर आपलेच नाव आहे ना, हे त्याच्याकडून वाचून घेण्यासाठी.